बेळगाव सीमाभागातील शाळांसाठी मराठी-कन्नड शिक्षक कसे घडवावेत आणि कसे नेमावेत

जून महिना लागला की सीमाभागातील अनेक गावांत एकच दृश्य दिसते. मराठी शाळेच्या व्हरांड्यात एसडीएमसीची, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीची, बैठक बसते, पटावरची मुले मोजली जातात, निवृत्त झालेल्या किंवा बदलून गेलेल्या शिक्षकाची जागा रिकामीच असल्याचे पुन्हा एकदा नोंदवले जाते आणि "कोणी मिळतो का बघा" असे म्हणून सगळे उठतात. मग जो मिळतो त्याला मराठी चांगले येत असले तर खात्याचे कन्नड परिपत्रक वाचता येत नाही, आणि कन्नड चांगले येत असले तर मराठी धडा वाचताना तो अडखळतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आहे. दोन्ही भाषांत शिकवू शकणारा शिक्षक ऐन जूनमध्ये जाहिरात देऊन सापडत नाही. तो गावातल्याच मुलांमधून हेरावा लागतो आणि पाच-सात वर्षे त्याच्या मागे उभे राहावे लागते. ते कसे करावे, हे एसडीएमसीचे सदस्य, संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शिक्षक होऊ इच्छिणारी तरुण मुले-मुली यांच्यासाठी येथे मांडले आहे.

प्रथम गरज मोजावी

आपल्या शाळेला शिक्षक हवा, एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या इयत्तांसाठी, कोणत्या विषयासाठी आणि कोणत्या भाषेच्या मुलांसाठी हवा, हे कागदावर उतरले पाहिजे. खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीकडच्या वाड्यांवर मुलाच्या कानावर शाळेत येईपर्यंत कन्नड जवळजवळ पडलेले नसते. बेळगाव शहराच्या आसपासच्या गावांत मात्र तेच मूल आईशी मराठीत, दुकानदाराशी कन्नडमध्ये आणि शेजारच्या मित्राशी दोन्ही मिसळून बोलते. निपाणी-चिकोडीकडचे चित्र आणखी निराळे आहे, आणि बिदर जिल्ह्यातील भालकी-औराद भागातली मराठी तर बोलीनेच वेगळी आहे. या सगळ्यांना एकाच साच्यातला शिक्षक पुरणार नाही.

म्हणून प्रवेशाच्या वेळी पालकांना दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे पटाशेजारी लिहून ठेवावीत. घरात आजी मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, हा पहिला प्रश्न. मूल खेळताना कोणत्या भाषेत भांडते, हा दुसरा. "मातृभाषा" असा रकाना भरून घेतला की पालक विचार करून उत्तर देतात, पण भांडणाची भाषा विचारली की खरी भाषा कळते. ही नोंद दोन-तीन वर्षांची जमली, की शिक्षकाची मागणी करताना तिच्यासारखा दुसरा आधार नाही.

मागणीपत्रात कायद्याचा आधारही स्पष्ट लिहावा. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याची जबाबदारी राज्यांवर आली. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मान्य केलेले सूत्र आजही लक्षात ठेवण्यासारखे आहे: संपूर्ण शाळेत त्या भाषेची किमान ४० मुले किंवा एका वर्गात किमान १० मुले असतील, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी साधारण ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले असून, माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे असेही त्यात म्हटले आहे. दुसऱ्या बाजूने, २०१५ च्या कर्नाटकातील कन्नड भाषा शिक्षण कायद्यानुसार राज्यातील सर्व शाळांत कन्नड शिकवणे सक्तीचे झाले आहे. तेव्हा मराठी माध्यमाच्या शाळेत मराठीतून विषय शिकवणारा आणि कन्नड ही भाषा म्हणून नीट शिकवणारा, असे दोन्ही प्रकारचे बळ लागते. लहान शाळेत ते बहुधा एकाच माणसाकडून अपेक्षित असते.

हे पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे सगळे बीईओ म्हणतात त्यांना, कन्नडमध्ये द्यावे आणि सोबत मराठी प्रत जोडावी. पत्र कोणत्या भाषेत द्यावे यावर गावात वाद घालण्यात वेळ जातो आणि मुलाचे वर्ष वाया जाते. ज्या टेबलावर निर्णय होतो त्या टेबलावर ते वाचले जाणे महत्त्वाचे. पोच घेतल्याशिवाय मात्र परत येऊ नये.

दोन भाषा येणे आणि दोन भाषांतून शिकवता येणे

बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा बोलणारी हजारो माणसे आहेत, पण त्यांतले सगळे शिक्षक होऊ शकत नाहीत. मुलाला माहीत असलेल्या भाषेतून माहीत नसलेल्या संकल्पनेकडे नेण्याची वाट ज्याला सापडते, तो दुभाषी शिक्षक. हे एका प्रसंगातून नीट दिसते.

एका खेड्यातल्या दुसरीच्या वर्गात मी नमुना पाठ पाहत बसलो होतो. उमेदवार मुलीने अंक सांगायला सुरुवात केली. "पंचवीस" म्हणताच पुढच्या ओळीतल्या एका मुलीने पाटीवर ५२ लिहिले. शेजारच्याने ते बघून आपलेही खोडले आणि ५२ केले. उमेदवार रागावली नाही. तिने त्या मुलीला विचारले, "तुझी आजी दुकानात पंचवीस रुपये कसे म्हणते?" मुलगी म्हणाली, "इप्पत्तैदु." "मग त्यात आधी काय येतं?" मुलगी थांबली, ओठ हलवत राहिली आणि म्हणाली, "इप्पत्तु. वीस." मग उमेदवाराने चिंचोक्यांचे दहा-दहाचे दोन ढीग केले, शेजारी पाच सुटे ठेवले आणि सांगितले की कन्नडमध्ये ढीग आधी म्हणतात आणि सुटे मागून, तर मराठीत सुटे आधी म्हणतात आणि ढीग मागून, लिहिताना मात्र दोन्ही भाषांत ढीगच आधी. मुलीने पाटी पुसली आणि २५ लिहिले. पुढचा "सदतीस" तिने न विचारता बरोबर लिहिला.

मराठी अंकनामांची ही अडचण खरीच आहे. पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. कन्नडमध्ये इप्पत्तोंबत्तु म्हणजे सरळ वीस आणि नऊ. मराठी मुलांना शंभरपर्यंतचे अंक पाठ व्हायला वेळ लागतो त्याचे एक कारण हेच आहे, आणि कन्नड ठाऊक असलेल्या शिक्षकाच्या हाती त्यावर उपाय आहे. ज्याला फक्त एक भाषा येते त्याला मूल चुकले एवढेच दिसते, का चुकले ते दिसत नाही.

वरच्या वर्गांत अडचण शब्दांची होते. दोन्ही भाषांनी संस्कृतातून शब्द घेतले, पण अर्थ आपापल्या वाटेने गेले. कन्नडमध्ये "प्रपंच" म्हणजे जग. मराठीत प्रपंच म्हणजे घरसंसार. कन्नडमध्ये "अनुमान" म्हणजे शंका. मराठी विज्ञानाच्या तासाला अनुमान म्हणजे निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष. "अवसर" म्हणजे कन्नडमध्ये घाई, आणि "विस्तीर्ण" म्हणजे भूमितीतले क्षेत्रफळ. बेरजेला कन्नडमध्ये संकलन आणि वजाबाकीला व्यवकलन म्हणतात, त्रिकोणाला त्रिभुज म्हणतात, पण गुणाकार आणि भागाकार मात्र दोन्हीकडे तेच. घरी कन्नड बोलणारे मूल मराठी माध्यमात बसलेले असेल, तर "अनुमान लिहा" या सूचनेवर ते "मला शंका आहे" असे काही लिहून येते आणि शिक्षक त्याला शून्य देतो. शिक्षकाने अशा शब्दांची आपली स्वतःची वही ठेवावी. छापील कोश हाताशी असावाच, पण वर्गात उपयोगी पडते ती आपल्या मुलांच्या चुकांतून तयार झालेली वही.

उमेदवार कोठून आणावेत

याचे उत्तर दहावीच्या वर्गात आहे. कर्नाटकाच्या दहावीत पहिली भाषा १२५ गुणांची असते आणि बाकीचे पाच विषय प्रत्येकी १०० गुणांचे, मिळून ६२५. मराठी पहिली भाषा आणि कन्नड दुसरी किंवा तिसरी भाषा घेतलेल्या मुलांमधून दोन्हींत बरे गुण असलेली पाच-सहा नावे दरवर्षी काढावीत. गुणांवर सगळी भिस्त मात्र ठेवू नये, कारण पाठांतराने कन्नडमध्ये ऐंशी गुण मिळवलेला मुलगा बसच्या पाटीवरचे गावाचे नाव वाचताना अडतो, असे मी पाहिले आहे. जे मूल लहान भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला अभ्यास समजावून सांगते, ज्याच्याकडे खालच्या वर्गातली मुले गणित विचारायला येतात, ते नाव वर घ्यावे.

ही नावे एका जाड रजिस्टरमध्ये लिहावीत आणि पालकांना भेटून पुढचा मार्ग समजावून सांगावा. पहिली ते पाचवीसाठी बारावी, म्हणजे पीयूसी, किमान ५० टक्क्यांनी, त्यानंतर दोन वर्षांचे डी.एल.एड., जे लोक अजून डी.एड. म्हणतात, आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. दहावीपासून मोजले तर किमान चार-पाच वर्षे. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि त्यावर बी.एड. किंवा डी.एल.एड., म्हणजे सात वर्षांच्या आसपास. येथे एक चूक गावोगावी होते: पोरगा बी.एड. झाला म्हणून त्याला पहिलीच्या वर्गासाठी पुढे केले जाते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. लहान मुलांना शिकवायचे असेल तर डी.एल.एड.चीच वाट धरावी लागेल, हे बारावीच्या निकालाआधी सांगितले पाहिजे. नंतर सांगून त्या मुलाची दोन वर्षे परत मिळत नाहीत.

अनेक चांगली मुले कोल्हापूर-सांगलीकडे शिकायला जातात आणि तिकडेच राहतात. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील रहिवाशांना तिकडच्या शासकीय भरतीत अर्ज करण्याची मुभा असल्याने हा ओढा समजण्यासारखा आहे आणि त्याबद्दल त्या मुलांना बोल लावणे योग्य नाही. पण जे परत यायला तयार आहेत त्यांना इकडच्या भरतीत काय लागते याची माहिती वेळेवर मिळत नाही, ही आपली उणीव आहे. महाराष्ट्रात डी.एल.एड. केलेल्यांनी आपला अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असल्याचे प्रमाणपत्र आणि गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती निघण्यापूर्वीच हाती घ्याव्यात.

टीईटीची तयारी वेगळ्याने करावी लागते. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर आणि सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येकी १५० गुणांचे, आणि खुल्या गटासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण आवश्यक. पहिल्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांचे प्रत्येकी ३० प्रश्न असतात. कर्नाटकाच्या टीईटीत पहिली भाषा म्हणून मराठी घेता येते. आपल्या उमेदवारांचे घोडे बहुधा बालविकासाच्या भागात अडते, कारण अभ्यास मराठी पुस्तकांतून केलेला असतो आणि प्रश्नांतील पारिभाषिक शब्द कन्नड किंवा इंग्रजी असतात. अधिसूचना आली की प्रश्नपत्रिका कोणत्या भाषांत येणार हे पहिल्यांदा वाचावे, आणि बालविकासातील दीड-दोनशे संज्ञा मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन रकान्यांत लिहून पाठ कराव्यात. चार-पाच गावांच्या उमेदवारांनी रविवारी एका शाळेत एकत्र बसून हा तक्ता बनवला तर दोन महिन्यांत काम होते.

कन्नड कसे शिकावे, मराठी कसे शिकावे

मराठी घरातल्या उमेदवाराला कन्नड लिपी वाटते तितकी अवघड नाही. वर्णमालेचा क्रम तोच आहे, "ळ" दोन्हीकडे आहे. अडचण दोन जागी येते. एक म्हणजे जोडाक्षर: देवनागरीत अर्धे अक्षर शेजारी बसते, कन्नडमध्ये दुसरे व्यंजन खाली ओत्तक्षर म्हणून लटकते. दुसरी अडचण ऱ्हस्व आणि दीर्घ "ए"-"ओ" यांची, कारण मराठीत हा भेद नाही. "बेळे" ऱ्हस्व "ए"ने उच्चारले तर पीक आणि दीर्घ "ए"ने उच्चारले तर डाळ. "कोडु" ऱ्हस्व "ओ"ने म्हटले तर दे, दीर्घ "ओ"ने म्हटले तर शिंग. शिक्षकाने हा फरक चुकवला की मुले आयुष्यभर चुकवतात. रोज कन्नड वर्तमानपत्राची एक बातमी मोठ्याने वाचावी आणि कन्नड घरातल्या माणसाला ऐकवावी. तीन महिन्यांत कान तयार होतो.

कन्नड घरातून आलेला, पण मराठी शाळेत शिकवू इच्छिणारा उमेदवार आपल्याकडे पुष्कळदा दारातूनच परत पाठवला जातो. असे करू नये. मराठी नीट शिकण्याची ज्याची तयारी आहे, त्याला संधी द्यावी. मात्र त्याच्या दोन ठरावीक अडचणी ओळखून त्यांवर काम करून घ्यावे. पहिली लिंगाची. खुर्ची मोडली, फळा मोडला, टेबल मोडले. कन्नडमध्ये तिन्हींना एकच "मुरियितु" चालते, त्यामुळे नामाबरोबर लिंग पाठ करण्याची सवय त्याला नव्याने लावून घ्यावी लागते. दुसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते, ती "आम्ही" आणि "आपण" यांची. आजच्या कन्नडमध्ये दोहोंना "नावु" हा एकच शब्द आहे. वर्गात बाई म्हणाल्या, "आज आम्ही भागाकार शिकणार," की मराठी मूल समजते की बाई आणि दुसरे कोणीतरी शिकणार, मी नाही. एका चौथीच्या मुलाने खरोखरच विचारले होते, "आम्ही म्हणजे कोण बाई?" शब्द लहान आहे, पण वर्ग आपला की परका हे त्यावर ठरते. याशिवाय चमच्यातला "च" आणि चहातला "च", जहाजातला "ज" आणि जगातला "ज" हे वेगळे ऐकू येईपर्यंत त्याने मराठी मुलांच्या तोंडून धडे ऐकावेत.

आधीच सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी एक चांगली सोय आहे आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून काम करत असून तिची प्रादेशिक भाषा केंद्रे सेवेतील शिक्षकांना दुसरी भारतीय भाषा शिकवण्याचा दहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालवतात. कन्नड म्हैसूरच्या दक्षिण केंद्रात, तर मराठी पुण्याच्या पश्चिम केंद्रात शिकवली जाते. शिक्षकाला खात्यामार्फत पाठवले जाते, म्हणून अर्ज वेळेवर आणि वरिष्ठांच्या शिफारशीसह गेला पाहिजे.

नेमणुकीच्या वाटा

सरकारी शाळेत कायम शिक्षक नेमणे एसडीएमसीच्या हाती नसते. भरती राज्य पातळीवर सीईटी या सामाईक परीक्षेने होते. जाहिरात आली की जिल्हा, विषय आणि माध्यम यांप्रमाणे जागा किती आहेत हे पाहावे आणि मराठी माध्यमाच्या जागांसाठी आपल्या रजिस्टरमधल्या प्रत्येक नावाला त्याच दिवशी फोन करावा. ग्रामीण भागात पहिली ते दहावी शिकल्याचा दाखला, जातीचा व उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे आधीच काढून ठेवावीत. अर्जाची मुदत संपण्याच्या आठवड्यात तलाठ्याच्या दारात उभे राहिलेले उमेदवार मागे पडतात. बिदर जिल्ह्यातील उमेदवारांनी ३७१-ज या कलमाखालील स्थानिक आरक्षणाचे प्रमाणपत्र विसरू नये. बेळगाव जिल्हा त्या कलमात येत नाही.

कायम जागा भरेपर्यंत अतिथी शिक्षकाची सोय असते. येथे मुख्याध्यापक आणि एसडीएमसी यांना वाव मिळतो, म्हणून ओळखीपाळखीने नाव घालण्याचा मोहही येथेच होतो. मानधन थोडे असते आणि नोकरी वर्षाची, तरीही हीच जागा शिकाऊ उमेदवाराच्या तयारीची उत्तम संधी आहे. डी.एल.एड. झालेली आणि टीईटीची वाट पाहणारी मुले येथे आधी घ्यावीत.

अनुदानित संस्थांनी खात्याच्या परवानगीशिवाय जागा भरू नये. परवानगीविना नेमलेल्या शिक्षकाचे वेतन वर्षानुवर्षे अडकते आणि शेवटी तोच भरडला जातो. भाषिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता असलेल्या संस्थांना घटनेच्या ३० व्या कलमाने शाळा चालवण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरवले आणि अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. माझे मत असे की अल्पसंख्याक संस्थांनीही नव्या नेमणुकीत टीईटी मागावी. सवलत मिळाली तरी मुलांना कमी तयारीचा शिक्षक देण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

मुलाखत आणि नमुना पाठ

ज्या ज्या ठिकाणी निवड आपल्या हाती आहे, तेथे पाच मिनिटांच्या गप्पांवर ती करू नये. अर्धा दिवस काढावा आणि खऱ्या मुलांसमोर वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यावा. विषय आदल्या दिवशी सांगावा, मुले मात्र उमेदवाराला अनोळखी असावीत. समितीतील एकाने मागे बसून फक्त एवढेच मोजावे: मुले किती वेळा बोलली, आणि मूल घरच्या भाषेत बोलले तेव्हा शिक्षकाने काय केले. "बाई, मला कळंना झालंय" असे मूल म्हणाल्यावर जो "नीट बोल" म्हणून दटावतो आणि जो "काय कळंना झालंय, दाखव बघू" म्हणतो, त्या दोघांत कोण हवा हे समितीला वेगळे सांगावे लागत नाही. बोली सुधारण्याची वेळ नंतर येते. आधी मुलाने तोंड उघडले पाहिजे.

पाठ झाल्यावर कन्नडची परीक्षा कामाच्या कागदावर घ्यावी. अक्षर दासोहाच्या, म्हणजे दुपारच्या आहाराच्या हिशेबाबद्दलचे एखादे जुने परिपत्रक उमेदवाराच्या हाती द्यावे. त्याने ते मनात वाचून समितीतील एखाद्या आईला मराठीत समजावून सांगावे आणि मग चार ओळींचे कन्नड उत्तर स्वतः लिहावे. यात वाचन, आकलन, मांडणी आणि लेखन सगळे तपासले जाते आणि पंधरा मिनिटे पुरतात. मराठीच्या लेखनासाठी फळ्यावर एक परिच्छेद लिहून घ्यावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कागदावर झाकल्या जातात, फळ्यावर नाही.

मुलाखतीत एक प्रश्न मी नेहमी विचारतो: "माझ्या मुलाला मराठी शाळेत घातले तर त्याला कन्नड येईल का, असे पालकाने विचारले तर काय सांगाल?" ज्याचे उत्तर भाषणासारखे येते, त्याच्याबद्दल सावध राहावे. ज्याने "येईल, आणि मी पहिलीत असे शिकवीन" म्हणून खडू उचलला, त्याचे नाव मी वर लिहितो. पटसंख्या घटते आहे आणि पालक इंग्रजी शाळेकडे वळत आहेत. त्यांना थांबवायचे असेल तर या एका प्रश्नाचे खरे उत्तर वर्गात दिसले पाहिजे.

उमेदवाराची भाषेच्या प्रश्नावरील राजकीय मते विचारू नयेत. या भागात जन्मलेल्या प्रत्येकाच्या मनात त्याबद्दल काही ना काही असते, माझ्याही आहे. वर्गात बसलेल्या सात वर्षांच्या मुलासमोर शिक्षक दोन्ही भाषांविषयी आदराने बोलतो की नाही, तेवढे नमुना पाठात पाहून घ्यावे.

पहिले वर्ष

नेमणूक झाली की गाव निश्चिंत होते, आणि बहुतेक शिक्षक येथेच हातचे जातात. मलप्रभेच्या उगमाकडच्या पावसाळी खेड्यांत तर जून ते सप्टेंबर राहायला कोरडी खोली नसेल तर बाहेरचा माणूस दिवाळीनंतर टिकत नाही. खोली, गॅसची सोय, शेवटच्या बसची वेळ आणि अडीअडचणीला हाक मारता येईल असे एक घर, एवढे गावाने रुजू होण्याआधी ठरवून ठेवावे. एकट्या मुलीला पाठवताना तिच्या आईवडिलांना त्या घरी आणून भेटवावे. त्यांची काळजी मिटली की तीही मन लावून राहते.

शाळेत पहिले सहा महिने नव्या शिक्षकाला पहिली ते तिसरीच्या एकत्र वर्गातले नली-कली या खेळत-शिकण्याच्या पद्धतीचे गट आणि हजेरीपासून आहारापर्यंतच्या नोंदी एकदम अंगावर टाकू नयेत. जवळच्या शाळेतील एखाद्या अनुभवी शिक्षकाशी, शक्यतो दुसऱ्या माध्यमाच्या शाळेतील, त्याची जोडी लावावी. महिन्यातून एका शनिवारी मराठी शाळेचा शिक्षक कन्नड शाळेत एक तास शिकवील आणि तिकडचा इकडे, अशी अदलाबदल सीआरपींच्या, म्हणजे शाळासमूहाच्या साधनव्यक्तींच्या, संमतीने करता येते. त्यात दोघांचीही भाषा सुधारते आणि दोन शाळांतल्या मुलांची ओळख होते, ती वेगळीच.

बदल्या कायद्याने होतात आणि त्या थांबवता येत नाहीत. त्यासाठी २०२० चा स्वतंत्र कायदाही आहे. म्हणून जाणाऱ्या शिक्षकाने आपली शब्दांची वही, भाषांच्या नोंदी आणि कोणत्या मुलाला कोठे अडते याची यादी मुख्याध्यापकांकडे देऊनच सेवामुक्तीची सही घ्यावी, असा ठराव एसडीएमसीने एकदा करून ठेवावा. तसाच ठराव उमेदवारांच्या रजिस्टरबद्दलही करावा. समितीची मुदत संपली की जुने अध्यक्ष अनेकदा कागद घरी घेऊन जातात; रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावे, मार्चमध्ये दहावीच्या परीक्षा संपल्या की त्यात नवी नावे भरली जावीत आणि आधीच्या नावांपुढे पीयूसी, डी.एल.एड., टीईटी यांपैकी कोण कोठवर पोचले ते तारखेसह लिहिले जावे.